नाजूक जोडी हाती असताना बेट लावावी की चेक करावे?

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात फ्लॉपवर (सर्वांसाठी उघडलेली पहिली तीन पाने) आपण बहुधा पुढे आहोत, पण पुढच्या दोन पानांत (टर्न आणि रिव्हर) मागे पडण्याची शक्यताही मोठी आहे, अशी नाजूक जोडीची स्थिती वारंवार येते. अशा वेळी भीतीपोटी मोठी बेट (पैज) लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा: माझ्या बेटमुळे जे हात फोल्ड होतील (डाव सोडतील), त्यांना जिंकण्याची खरोखर किती संधी होती?

समजा, तुमच्याकडे नव्व्यांची जोडी आहे आणि फ्लॉपवर वेगवेगळ्या रंगांची अठ्ठी, पंजी व दुर्री आली आहे. न दिसलेल्या ४७ पानांपैकी दश्शीपासून एक्क्यापर्यंतची २० पाने नव्वीपेक्षा मोठी आहेत, म्हणजे टर्नलाच त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के आहे. प्रतिस्पर्ध्याकडे राजा-राणी असल्यास सहा पाने त्याला जोडी लावून देतात आणि रिव्हरपर्यंत त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. पॉटमध्ये (जमलेल्या बेटींमध्ये) १०० चिप्स असतील, तर चेक करून (बेट न लावता पाळी पुढे देऊन) तुम्ही त्यातला जवळपास चौथा हिस्सा त्याच्यासाठी खुला ठेवता. येथे पॉटच्या एक-तृतीयांश बेट लावावी, कारण असे रिकामे हात तेवढ्यानेही बरेचदा फोल्ड होतात आणि लहान जोड्या कॉल करत (तेवढीच बेट भरत) राहतात. पॉटएवढी बेट लावली, तर कॉल करणाऱ्यांत तुमच्यापेक्षा सरस हातांचेच प्रमाण वाढते.

याउलट राजांची जोडी असताना फ्लॉपवर एक्का, सत्ती, दुर्री आली, तर चित्र वरून भीतिदायक दिसते, पण ही जोडी मुळात तितकी नाजूक नाही. एक्का असलेला फोल्ड करणार नाही आणि राण्यांची जोडी असलेल्याला दोनच पाने, म्हणजे सुमारे ९ टक्के संधी, उरते; म्हणून येथे चेक करण्यात फारसे नुकसान नाही.

सर्वांत अवघड निर्णय तिसऱ्या स्थितीत असतो, आणि माझ्या मते सर्वाधिक चुकाही तेथेच होतात. त्याच नव्व्या हाती आहेत, फ्लॉपवर सत्ती, छक्की, चौकी असून त्यांतली दोन पाने बदामाची आहेत, आणि समोर दोन खेळाडू आहेत. संरक्षणाची, म्हणजे मागे असलेल्यांना फोल्ड करायला लावण्याची, गरज येथे सर्वाधिक भासते, परंतु सलग पाच पानांच्या आशेने पंजी, अठ्ठी किंवा पाच बदामांच्या आशेने दोन बदाम धरून बसलेले खेळाडू फोल्ड करत नाहीत, उलट रेझ करतात (बेट वाढवतात), आणि तुमचा हात सुधारणारी पाने मुख्यतः उरलेल्या दोन नव्व्याच असतात. गरज असणे आणि बेटने ती भागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खेळण्याची पाळी तुमची आधी असेल, तर येथे बहुतेकदा चेक करून टर्नची वाट पाहावी. दुर्रीसारखे निरुपद्रवी पान आले आणि इतरांनीही चेक केले असेल, तर त्यानंतर लावलेली बेट अधिक परिणामकारक ठरते, कारण ड्रॉ (असा अजून अपुरा हात) असलेल्यांना आता एकच पान मिळणार असते.

सर्वांनंतर खेळण्याची संधी असेल आणि समोर एकच खेळाडू असेल, तर अशा पानांवरही बेट लावायला हरकत नाही. मात्र बेटवर मोठा रेझ आला, तर केवळ आधी चिप्स घातल्या म्हणून कॉल करू नये. रिव्हरनंतर एकही पान यायचे नसल्याने संरक्षणाचा हिशेब संपतो. तेथे तुमच्यापेक्षा कमजोर हात कॉल करतील असे वाटत असेल तरच बेट लावावी, अन्यथा चेक करून पाने उघडावीत.