घर बदलताना सामान कसं बांधावं

घर हलवताना माझा जो पहिला खोका वाया गेला, तो कुठून पडलासुद्धा नव्हता. आतले सहा कप मी एकेक करून कागदात गुंडाळले होते, पण वर चार बोटं जागा रिकामी राहिली आणि तशीच ठेवून मी खोका बंद केला. रस्ताभर कप एकमेकांवर आपटत राहिले. उघडून पाहिलं तर तिघांचे कान तुटलेले. तेव्हापासून प्रत्येक खोका बंद करण्याआधी मी झाकण दाबून धरते आणि खोका हलकेच हलवून बघते. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर तो खोका अजून भरायचा आहे. रिकाम्या जागेत चुरगाळलेला कागद, टॉवेल, मोजे, उशांचे अभ्रे, काहीही चालतं.

सुरुवात कुठून करायची

जे न्यायचंच नाही, ते आधी बाजूला काढा. नको असलेली वस्तू गुंडाळून, उचलून, पुन्हा उलगडण्यात जाणारे कष्ट फुकट जातात. मग तीन-चार आठवडे आधीपासून रोज थोडं थोडं बांधत जा. माळ्यावरचं, पलंगाखालचं, ऋतू संपलेले कपडे आणि वाचून झालेली पुस्तकं आधी बांधा. स्वयंपाकघर अगदी शेवटी. बांधायला काढण्याआधी महागड्या वस्तूंचे मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर वस्तू आधी कशी होती, हे दाखवता येतं.

खोके

पुठ्ठ्याचा खोका वरचं वजन पेलतो ते मुख्यतः त्याच्या उभ्या कोपऱ्यांवर. म्हणून कोपरे चेपलेला खोका बाहेरून बरा दिसला तरी घेऊ नका. ओल लागलेला तर नकोच, कारण दमट पुठ्ठा मऊ पडतो. अर्धवट भरलेला खोका वरच्या वजनाने दबतो, आणि ठासून फुगवलेल्यावर दुसरा खोका धड बसत नाही. कडांपर्यंत भरलेला आणि वरून सपाट असलेला खोका सगळ्यात चांगला.

जड सामान लहान खोक्यात आणि हलकं मोठ्या खोक्यात भरा. मोठा खोका पुस्तकांनी भरण्याचा मोह होतो, पण तो कोणालाच उचलता येत नाही आणि बूड फाटतं ते वेगळंच. एका खोक्याचं वजन साधारण १५ किलोच्या आत ठेवा. बुडाची पानं नुसती एकमेकांत अडकवून भागत नाही. मधल्या सांध्यावर चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या लावा, त्यांची टोकं दोन्ही बाजूंना वीतभर वर चढवा आणि मग आडवी एक पट्टी मारा.

काच आणि चिनीमाती

इथे घाई करू नका. टेबलावर जाड चादर पसरा, जवळ कागदाचा गठ्ठा ठेवा आणि एका वेळी एकच वस्तू हातात घ्या. वर्तमानपत्राची शाई भांड्यांना लागते, म्हणून आतला थर कोऱ्या कागदाचा असावा. रद्दी बाहेरच्या थराला आणि पोकळ्या भरायला वापरा.

खोक्याच्या तळाशी चुरगाळलेल्या कागदाची दोन-तीन इंचांची गादी करा. बशा आणि डिश उभ्या ठेवा, पुस्तकं फळीवर लावतो तशा. आडवी चवड लावली तर वरच्या सगळ्यांचा भार खालच्या बशीवर येतो आणि खड्ड्यात गाडी आपटली की ती तडकते. उभ्या बशीवर शेजारणीचं वजन पडत नाही. कप आणि ग्लास आधी आतून कागदाने भरा, मग बाहेरून गुंडाळा. ग्लासात ग्लास घालू नका. कपाच्या कानाभोवती कागदाचा वेगळा वेढा द्या. तो कान सगळ्यात आधी जातो, हे मी अनुभवाने सांगते. बबल रॅप वापरत असाल तर फुगे वस्तूच्या बाजूला येऊ द्या. जड भांडी खाली, नाजूक वर, आणि सगळ्यात वर पुन्हा कागदाची गादी.

आरसा किंवा फोटोफ्रेम असेल तर काचेवर चिकटपट्टीची फुली मारा. त्याने काच फुटायची थांबत नाही, पण फुटलीच तर तुकडे विखुरत नाहीत. मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून बांधा आणि नेताना उभीच न्या.

सुऱ्यांची पाती पुठ्ठ्यात गुंडाळून त्यावर ‘धार’ असं लिहा. बाटल्यांची झाकणं काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवा, वरून झाकण घट्ट लावा आणि प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत घाला. या बाटल्या कपड्यांच्या खोक्यात चुकूनही नकोत.

विजेची उपकरणं आणि फर्निचर

तारा काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा. प्रत्येक वायर गुंडाळून त्या उपकरणाच्या नावाची चिठ्ठी लावा. संगणकातल्या महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. टीव्ही उभाच न्या, पडद्यावर काही टेकू देऊ नका.

फ्रिज निघण्याच्या २४ तास आधी बंद करा, दार उघडं ठेवून बर्फ वितळू द्या आणि आतून कोरडा पुसा. तोही उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो. नाइलाजाने आडवा न्यावाच लागला, तर नव्या घरी उभा करून काही तास थांबा. बराच वेळ आडवा राहिला असेल तर पूर्ण दिवस थांबलेलं बरं. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम अडकवायला कंपनी बोल्ट देते. ते मशीनच्या मागे बसवा आणि नळीतलं पाणी आधी काढून टाका.

पलंग किंवा टेबल सोडवताना निघालेले स्क्रू एका छोट्या पिशवीत घालून, वर नाव लिहून, सगळ्या पिशव्या एकाच डब्यात ठेवा. पाना आणि स्क्रूड्रायव्हरही त्याच डब्यात.

काय बांधायचं नाही

पेट्रोल, रॉकेल, थिनर, काडेपेट्या, गॅसचे डबे आणि दाबाने भरलेले फवाऱ्याचे (स्प्रेचे) डबे सामानात भरू नका. बंद गाडी उन्हात तापते आणि त्यात आगीचा धोका खरा असतो. पॉवर बँक स्वतःजवळ ठेवा. कागदपत्रं, दागिने, रोजची औषधं, चष्मा, चार्जर आणि एक दिवसाचे कपडे यांची वेगळी पिशवी करा. ती ट्रकमध्ये जाता कामा नये.

खुणा

खोक्याच्या वर लिहिलं तर रास लागल्यावर काहीच दिसत नाही. दोन बाजूंवर जाड मार्करने क्रमांक, खोलीचं नाव आणि आत काय आहे ते लिहा. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ हे शब्द टाळा, नव्या घरी त्यांनी डोकेदुखी होते. तेच क्रमांक वहीत उतरवा. ट्रक रिकामा झाला की चालकाला सोडण्याआधी आत एकदा डोकवा आणि खोके वहीशी ताडून बघा.

काचेचे खोके उघडताना गुंडाळलेला प्रत्येक कागद पूर्ण उलगडून, हाताने चाचपूनच टाका. बरण्यांची झाकणं आणि लहान चमचे त्या चुरगाळ्यात लपून बसतात आणि रद्दीबरोबर निघून जातात.