वाढत्या वयातील फुटबॉलपटूंची दुखणी : क्लबमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचे संघ सांभाळणाऱ्या कोणत्याही क्लबमध्ये हंगामाच्या मध्यावर दोन-तीन खेळाडू तरी असे असतात, जे सराव संपल्यावर लंगडत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी विचारले तर ‘काही नाही सर, बरे आहे’ असे सांगून मोकळे होतात. त्यांचे दुखणे बहुतेक वेळा टाचेचे, गुडघ्याखालच्या उंचवट्याचे किंवा जांघेच्या पुढच्या हाडाचे असते आणि ते काही नवे नाही. गुडघ्याखालच्या दुखण्याचे वर्णन ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे 1903 मध्ये केले होते. टाचेच्या दुखण्याविषयी सीव्हर यांनी 1912 मध्ये लिहिले. इतकी जुनी ओळख असूनही मैदानाच्या कडेला आजही स्प्रे, क्रेप बँडेज आणि ‘वाढीचे वय आहे, दुखायचेच’ हे तीनच उपचार चालतात, याचा आता मनापासून कंटाळा आला आहे.

हाडाचे दुखणे स्नायूचे समजून चोळणे

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि तीच सर्वांत महागात पडते. प्रौढ खेळाडूच्या शरीरात जोराचा ताण आला की बहुधा स्नायू किंवा त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, दुखावते. वाढत्या मुलाच्या शरीरात मात्र सर्वांत कच्ची जागा वेगळी असते. कंडरा जेथे हाडाला चिकटते तेथे हाडाचा एक छोटा भाग अजून कूर्चेचाच, म्हणजे मऊ, लवचीक असतो आणि तो पूर्ण कठीण व्हायला काही वर्षे जावी लागतात. ओल्या गिलाव्यात ठोकलेल्या खिळ्याला दोर बांधून रोज ओढावे, तसा हा प्रकार आहे. दोर मजबूत असतो, भिंत तयार नसते. धावणे, उडी मारणे, अचानक थांबणे आणि चेंडूला जोरात लाथ मारणे या प्रत्येक क्रियेत हा दोर ओढला जातो.

दुखण्याची जागाही साधारणपणे वयानुसार खालून वर सरकते, कारण वाढीच्या उसळीत आधी पावले वाढतात, मग पाय आणि शेवटी धड. म्हणून आठ ते तेरा या वयात टाचेची तक्रार जास्त दिसते. गुडघ्याखालचे दुखणे मुलांमध्ये साधारण 12 ते 15 या वयात आणि मुलींमध्ये त्याच्या एक-दोन वर्षे आधी सुरू होते. कमरेच्या व जांघेच्या हाडांवरच्या जोडण्या सर्वांत उशिरा पक्क्या होतात, त्यामुळे चौदा ते सतरा या वयात तेथे धोका असतो. नेमक्या याच वयात मुलांच्या मांड्यांत ताकद येते, शॉट जोरकस होतो आणि आसपासचे सर्व जण खूश असतात.

आमच्या क्लबमधील पंधरा वर्षांच्या एका विंगरने असेच जांघेच्या वरच्या बाजूला दुखते म्हणून सांगितले. कोठे दुखते ते एका बोटाने दाखव, असे म्हटल्यावर त्याने तर्जनीचे टोक कमरेच्या पुढच्या हाडाच्या खाली नेमके एका बिंदूवर ठेवले. स्नायू आखडलेला मुलगा सहसा तळवा फिरवून ‘हा सगळा भाग’ असे दाखवतो; एका बोटाने हाडावरची जागा दाखवणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी चेंडू देत नाही. त्यालाही दोन आठवडे शॉट आणि स्प्रिंट बंद करून डॉक्टरांकडे जायला सांगितले. मध्येच तो दुसऱ्या एका निवड संघाकडून स्पर्धेला गेला. तेथील प्रशिक्षकांना फोन करून सर्व कल्पना दिली होती आणि त्यांनी ‘हो हो, सांभाळून खेळवतो’ असे तोंडभरून सांगितलेही होते. उपांत्य सामन्यात त्याला वेदनाशामक गोळी देऊन, वरून स्प्रे मारून उतरवले. दुसऱ्या सत्रात कॉर्नर घेताना ‘कट्’ असा आवाज झाला, तो कडेला उभ्या असलेल्यांनाही ऐकू आला आणि चेंडू गोलपोस्टजवळ पोहोचण्याआधी मुलगा खाली बसला होता. यानंतर जे झाले त्याचा राग आजही जात नाही. मैदानात धावत आलेल्या प्रशिक्षकांनी ‘मांडी आखडली आहे’ असा निर्वाळा देऊन त्याचा पाय मागे ओढून ताणला आणि मांडी जोरजोरात चोळली. एक्स-रेमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूने हाडाचा नखाएवढा तुकडा ओढून काढलेला स्पष्ट दिसला. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, हे त्याचे नशीब. कुबड्या आणि उरलेला हंगाम घरी बसून काढणे मात्र टळले नाही.

यावरून माझ्या सवयी ठरलेल्या आहेत. हाडावरच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल तर चोळणे नाही आणि त्या जागेला ओढ बसेल असे स्ट्रेचिंगही नाही. गुडघ्याखाली सूज असताना टाच नितंबाला लावून मांडी ताणायला लावणारे उत्साही लोक दर हंगामात भेटतात. ज्या जागेला ओढ नको आहे तिलाच ते ओढतात. टाचेच्या बाबतीत टाचेच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटांनी एकदम दाबून पाहाव्यात. मूल कळवळले तर त्या दिवशीचा सराव संपला असे समजावे. बर्फाने वेदना कमी होते, तेवढ्यापुरता तो चांगला आहे. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देणे मला मुळीच मान्य नाही, कारण वेदना हीच त्या मुलाकडे असलेली एकमेव ताकीद असते आणि आपण ती एका सामन्यासाठी बंद करतो. ‘कट्’ आवाज, पायावर भार न पेलणे किंवा हाडाजवळ अचानक आलेली सूज, यांपैकी काहीही असेल तर आधी एक्स-रे; तोवर पाय कोणीही ओढायचा नाही.

आठवड्याची बेरीज कोणीच न करणे

वरच्या मुलाच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती. तो आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येत होता, शाळेच्या संघातून खेळत होता, निवड संघाच्या शिबिराला जात होता आणि वडिलांनी हौसेने लावलेल्या ‘स्पीड ट्रेनिंग’लाही जात होता. प्रत्येक प्रशिक्षकाचा आपापल्या जागी असा ठाम समज होता की, ‘आमच्याकडे तर मोजकीच सत्रे आहेत.’ सगळे मिळून आठवड्यात किती होते, हे विचारायचे कोणालाच सुचत नव्हते आणि मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सांगितले तर कोठून तरी नाव कापले जाईल ही भीती त्याला असते.

माझा उपाय अगदी साधा, काहीसा कारकुनी आहे. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक पालकाकडून सोमवार ते रविवार असा कागद भरून घेतो. त्यात फुटबॉलच नव्हे, तर शाळेतील खेळाचे तास, ॲथलेटिक्स, नृत्याचे वर्ग असे पायांवर ताण देणारे सर्व काही लिहायचे. एक ढोबळ नियम सर्वत्र वापरला जातो व तो मला पटतो : प्रशिक्षकांच्या देखरेखीखालच्या खेळाचे आठवड्यातील एकूण तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुटीचा असावा. बारा वर्षांच्या मुलीच्या कागदावर सोळा तास निघाले, तर ‘कोणाचा सराव सोडायचा’ हा प्रश्न मोठ्यांनी एकमेकांशी बोलून सोडवायचा असतो, तो मुलीवर ढकलायचा नसतो. पुष्कळदा मीच आमच्या क्लबचा एक दिवस कमी करतो. यावर नव्याने आलेले तरुण प्रशिक्षक नाराज होतात, कारण त्यांना सहा आठवड्यांत चषक हवा असतो. पालकांपैकीही काही जण ‘बाकीची मुले पुढे जातील’ म्हणून अस्वस्थ होतात; टाच धरून बाकावर बसलेले मूल कोणाच्या पुढे जाणार आहे, हे त्यांना विचारावेसे वाटते, पण मी सहसा कागदच पुढे सरकवतो.

सुटीनंतरचा पहिला आठवडा, पाठोपाठचे सामने असलेली स्पर्धा आणि नरम गवतावरून कडक मैदानावर होणारा बदल, या तीन वेळी टाचा आणि गुडघे हमखास बोलू लागतात. त्यामुळे त्या आठवड्यांत उड्या व स्प्रिंट कमी आणि चेंडूवरचे काम जास्त ठेवावे.

उंची न मोजणे, किंवा कशीही मोजणे

मुलींची उंची साधारण 12 व्या आणि मुलांची साधारण 14 व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, पण एकाच संघातील दोन मुलांत याबाबत दोन-तीन वर्षांचाही फरक असू शकतो. म्हणून जन्मतारखेवरून अंदाज बांधण्यापेक्षा मोजणे बरे. दर तीन महिन्यांनी, बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून आणि दिवसाच्या ठरावीक वेळीच मोजावे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसाची उंची सुमारे एक सेंटीमीटरने कमी होते, त्यामुळे एकदा सकाळी व एकदा संध्याकाळी मोजलेले आकडे कुचकामी असतात. तीन महिन्यांत 2 सेंटीमीटर म्हणजे वर्षाला 8 सेंटीमीटरचा वेग झाला आणि हा वेग मोठा आहे. मोजण्यात अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तर वर्षाच्या हिशेबात तीच 2 सेंटीमीटर होते, हेही ध्यानात ठेवावे. दर आठवड्याला मोजून घाबरणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले आहे. टेप नसेल तर एवढे तरी विचारावे की, बूट एवढ्यात लहान झाले का. ती पहिली खूण असते.

वेग वाढलेला दिसला की त्या मुलाच्या उड्या आणि लांब पल्ल्याचे शॉट मी काही आठवडे निम्म्यावर आणतो. या काळात चांगला खेळणारा मुलगाही अचानक अडखळू लागतो, त्याचा पहिला स्पर्श बिघडतो. त्याला आळशी म्हणणे ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यावर वेगळे लिहिण्याची इच्छा नाही.

आणखी काही, थोडक्यात

घोट्याला मुरडले म्हणून ‘फक्त लचक’ असे ठरवू नये. कोवळ्या वयात अस्थिबंधाआधी (हाडांना एकमेकांशी जोडणाऱ्या पट्ट्यांआधी) वाढीची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाजवळची जेथून हाड वाढते ती जागा, दुखावू शकते, म्हणून हाडावर दाबून दुखत असेल तर तपासणी करावी.

मोठ्या मापाचे बूट ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून घेऊ नयेत आणि कडक मैदानावर लांब स्टड घालू नयेत.

मान्यताप्राप्त वॉर्म-अप कंटाळवाणा म्हणून सोडू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या ‘फिफा 11+ किड्स’ या सात व्यायामांच्या कार्यक्रमाने युरोपातील एका मोठ्या चाचणीत दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या. त्याला लागतात फक्त पंधरा-वीस मिनिटे आणि प्रशिक्षकाचा थोडा संयम.

गुडघ्याखालच्या उंचवट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नाही असेच असते. तो उंचवटा पुढे राहिला तरी बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.

गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याकडेच पाहत बसणे

हे थोडक्यात आटोपण्यासारखे नाही. नऊ ते सोळा या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या कूर्चेवरून घसरू शकतो आणि त्याची वेदना कमरेऐवजी मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. गुडघ्याला सूज नाही, दाबून दुखत नाही, पण मूल लंगडते आणि चालताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळते, असे दिसले तर त्याला चालवतही नेऊ नये. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि खुब्याचा एक्स-रे मागावा. उशीर झाला तर खुब्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. अशा मुलाला गुडघ्याचा पट्टा घालून आठवडेच्या आठवडे खेळवलेले मी पाहिले आहे.

रात्री झोपेतून उठवणारी एकाच जागची वेदना, ताप, कारणाशिवाय वाढत जाणारी सूज, वजन घटणे आणि मागे वाकल्यावर दुखणारी, काही आठवडे न थांबणारी कंबर, या तक्रारीही क्लबच्या अखत्यारीतल्या नाहीत. त्या डॉक्टरांच्या आहेत.

पूर्ण विश्रांती आणि मग एकदम सामना

घाबरलेले पालक मुलाला दोन महिने खाटेवर बसवतात, दुखणे थांबते आणि पुढच्या रविवारी मूल थेट सामन्यात उतरते. मग आठवड्याभरात सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. टाच आणि गुडघ्याच्या नेहमीच्या दुखण्यात खेळ पूर्ण बंद करण्याची गरज क्वचितच पडते, त्यातला ताण कमी करावा लागतो. मी शून्य ते दहा अशी वेदना विचारतो. तीनपर्यंत असेल, मूल लंगडत नसेल आणि दुसऱ्या सकाळी ती उरलेली नसेल तर तेवढा सराव चालू ठेवतो. यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही तर एक पायरी मागे नेतो. पायऱ्या ठरलेल्या आहेत : आधी उभ्याने पासिंग आणि भिंतीला पाठ टेकून गुडघे वाकवून स्थिर बसणे, मग हलके धावणे, मग दिशा बदलत धावणे, त्यानंतर छोटे सामने आणि सर्वांत शेवटी पूर्ण वेगाचे स्प्रिंट व लांब शॉट. दोन पायऱ्यांमध्ये काही दिवस जाऊ देतो. गुडघ्याखालचे दुखणे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ कमी-जास्त होत राहू शकते, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात ‘अजून बरे कसे झाले नाही’ म्हणून कोणी नवा पट्टा, नवी टेप किंवा नवा मालिशवाला घेऊन येत नाही. तरीही कोणी आणलाच, तर त्या संध्याकाळी तो खेळाडू पहिल्या पायरीवरूनच सराव करतो.