डोस्कं गरम झालं की काय करावं: वावर-घर सांभाळणाऱ्यांसाठी साधे उपाय

आमच्याकडं कुणी "मला तणाव आहे" असं म्हणत नाही. "करमून नाही राह्यलं", "डोस्कं गरम झालं बे" म्हणतो आणि खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पुडी सोडतो. कापसावर गुलाबी बोंडअळी, सोयाबीनचा पडलेला भाव, कर्जाचा हप्ता, लेकीचं लग्न. यातलं एकही खालच्या उपायांनी हटणार नाही, हे आधीच सांगतो. पण रात्रभर आढ्याकडं बघत पडल्यानंही ते हटत नाही. तापलेलं डोकं समजावून ऐकत नाही, म्हणून सुरुवात अंगापासून करायची.

आधी श्वास. छाती धडधडली, राग आला की जिथं असाल तिथं बसा. मनात चार अंक मोजत नाकानं श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून सहा ते आठ अंक मोजत सोडा. चुलीवर रांधणारीला हे शिकवावं लागत नाही; फुंकणीचं भोक बारीक, त्यामुळं श्वास आपोआप लांबतो. (सराव करताना धुरापासून लांब बसा, एवढंच.) असं दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. गरगरलं तर थांबा.

मग चाला, पण वावराकडं नको. कास्तकार फिरायला निघाला तरी पाय धुऱ्यावरच (बांधावरच) जातात. तिथं पऱ्हाटीचं (कपाशीचं) पान उलटून बघितलं जातं, खाली तुडतुडे दिसतात, आणि झालं फिरणं! मी दोन हंगाम असाच फिरत होतो अन् घरी येताना जास्तच चिडलेला असायचो. आता नाल्याच्या वाटेनं जातो, तिकडं माझं काहीच नाही. सकाळी वीस-तीस मिनिटं, मोबाईल घरी ठेवून. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दिवस उगवतानाच फिरून या.

बाईमाणसाला हा सल्ला देताना मात्र जीभ अडखळते. निंदण, वेचणी, पाणी यांत ती दिवसभर चालतेच. तिला वीस मिनिटं बाजेवर नुसतं बसू द्यावं आणि तेवढ्यात चहा दुसऱ्यानं मांडावा.

हाताला बारीक काम द्या. माझी आजी चिडली की कुणाशी बोलायची नाही, तूर घेऊन सूप पाखडत बसायची. फोल उडायचं, खडा बोटानं टिपून बाजूला जायचा, सुपाचा तो एकसारखा आवाज. अर्धं सूप झालं की कपाळावरची आठी सैल व्हायची आणि तीच हाक मारायची, "कारे, जेवला का?" दोर वळा, अंगण सारवा, शेंगा सोला. काम असं घ्या की पंधरा-वीस मिनिटांत झालेलं डोळ्यांना दिसेल.

चिंता कागदावर उतरवा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मधोमध रेघ ओढा. एकीकडं "हातचं", दुसरीकडं "हाताबाहेरचं". पाऊस आणि भाव हाताबाहेर. सोसायटीत जाऊन हप्त्याची मुदत विचारणं हातचं. हातच्यातलं एकच काम उद्यासाठी निवडा आणि त्याच्यापुढं वेळ लिहा. दहा कामं लिहिलीत तर तोच कागद नवं टेन्शन होतो.

संध्याकाळी माणसांत बसा. तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजवली. मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात आणि कित्येक गावांत ती आजही होते. भक्तीचं ज्याचं त्यानं बघावं. पण चारचौघांसोबत खंजिरीच्या ठेक्यावर गाताना श्वास लांबतो आणि दिवसभर मिटलेलं तोंड उघडतं. आवाज बेसूर असला तरी चालतो, आमच्या मंडळात बहुतेकांचा आहे.

आता खर्रा. तोंडात टाकला की बरं वाटतं, खरं आहे. पण ती बेचैनी बरीचशी मागच्या खर्ऱ्याची तलफच असते. दारूनं डोळा लवकर लागतो आणि मध्यरात्री उघडतो. चहाही दुपारनंतर कमी करा. झोपताना बाजारभावाचे व्हॉट्सॲप ग्रुप बघू नका, तो भाव सकाळीही तेवढाच असतो.

एवढ्यानं भागत नसेल तर. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. ताप अंगावर काढत नाही, तसंच हे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

घरातलं कुणी "आता जगून काय करू" असं बोललं तर थट्टेवारी नेऊ नका. मरायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचे डबे त्याच दिवशी घरातून हलवा, कुलुपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. ती वाईट घटका पुष्कळदा टळून जाते, तेवढ्या वेळात फवारणीचं औषध हाताशी नसलं पाहिजे. कुणी ते घेतलंच असेल तर लगेच १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. त्याला स्वतःहून १४४१६ ला फोन लावायला जमत नसेल, तर तुम्ही नंबर लावून त्याच्या हातात द्या. बोलणं सुरू झालं की दारापाशी येऊन बसा, एकट्याला सोडून जाऊ नका.