घरात मोठं आजारपण आलं की धीर कुठून आणायचा

घरात कॅन्सर आला की पहिल्या आठवड्यात फोन थांबत नाही. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: 'काही लागलं तर सांग हं.' लोक ते मनापासून म्हणतात. आपण 'हो' म्हणतो, फोन ठेवतो आणि कुणालाच काही सांगत नाही. पुढे फोन कमी होतात आणि वाटायला लागतं, कुणाला आपली काही पडलेली नाही. ह्यांच्या आजारपणात ऐरोलीहून खारघरला, टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये खेपा घालताना माझी एक खात्री पटली. माणसं मदतीला तयार असतात, त्यांना नेमकं काम लागतं. ते सांगायची जबाबदारी आपली.

म्हणून आधी एक वही करा. डबा, मुलांना क्लासहून आणणं, सिलेंडर उतरवून घेणं, बँक, केमोच्या दिवशी सोबत, सगळं लिहून काढा. पुढचा फोन आला की वही उघडून सांगा, 'गुरुवारी केमो आहे, संध्याकाळी सातला मुलीला क्लासवरून आणशील?' समोरचा माणूस सुटल्यासारखा 'आणतो' म्हणतो. संकोच वाटेल, तरी मागा.

डब्याबाबत तर अगदी स्पष्ट बोला. केमोनंतर तोंड येतं, तिखट सोसत नाही, नुसत्या फोडणीच्या वासानेही मळमळतं. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की कच्चं आणि बाहेरचं बंद, ताजं गरमच द्यायचं, असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे एकदाच सांगितलं. त्यानंतर त्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'मिरची नाही, हिंग नाही, आत्ताच उतरवलंय.' आत मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, छोट्या डबीत साजूक तूप. आणि वर एका पुडीत लसणाची चटणी, ती माझ्यासाठी. पेशंटची चौकशी सगळे करतात. मला काय आवडतं हे कुणाच्या तरी लक्षात होतं, त्यावर मी कितीतरी दिवस काढले.

रक्ताची तयारी आधीपासून ठेवा. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारण 5 दिवसच टिकतात, जास्त दिवस साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे ऐनवेळी धावाधाव होते. रक्तगटाप्रमाणे नावं वहीत लिहून ठेवा. रक्त दिल्यावर पुरुषांना 3 महिने आणि स्त्रियांना 4 महिने पुन्हा देता येत नाही, तेव्हा कुणी कधी दिलं तेही लिहा. मशीनवर प्लेटलेट्स द्यायला तास-दीड तास लागतो, हे देणाऱ्याला आधी सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकताना हॉस्पिटल, रक्तगट, वेळ आणि एकच फोन नंबर द्या, आणि काम झालं की 'गरज भागली' असं आठवणीने टाका, नाहीतर लोक दिवसभर फोन करत राहतात. आमच्यासाठी आलेला एक मुलगा, कुणाचा कोण, रबाळे एमआयडीसीत कामाला. शिफ्ट बदलून आला होता. देऊन झाल्यावर त्याला मिळालेला बिस्किटांचा अर्धा पुडा त्याने माझ्या हातात ठेवला. 'काकू, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही.'

पैशांचा प्रश्न असेल तर लपवू नका. हॉस्पिटलातल्या समाजसेवकांना पहिल्याच खेपेला भेटा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा.

आता आशेचं. सगळी आशा रिपोर्टवर ठेवली की ती रिपोर्टबरोबर खालीवर होते, आणि त्यात माणूस पार थकतो. मी तरी ह्याच आठवड्यात होईल अशी एखादी गोष्ट ठरवायचे. ह्यांना फ्लेमिंगो बघायचे होते. हिवाळ्यात ते ठाण्याच्या खाडीत येतात, नेरुळच्या तळ्यावरही उतरतात, आणि नेरुळ आमच्या पनवेल लोकलच्या वाटेवरच. अंगात ताकद होती त्या दिवशी परतताना मधे उतरलो, मास्क लावून लांबूनच बघितलं. ह्यांनी ताप, उलटी, रक्त यांच्याशिवाय दुसरं काही बोलायला सुरुवात केली, ती तिथे.

रात्री दोन-तीनला मन खचतं तेव्हा नातेवाइकांना उठवणं जिवावर येतं. 14416 लावा. ही फोनवरून मनाला आधार देणारी सरकारची टेलि-मानस सेवा, 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. पेशंटची काळजी घेणाऱ्यानेही जावं. आपल्याला काही आजार नाही, आपण कशाला, असं म्हणून थांबू नका.

आणि तुम्ही मदत करणाऱ्यांपैकी असाल, तर दिवस आणि काम ठरवूनच फोन करा: 'मंगळवारचा डबा माझ्याकडे.' सर्दी-खोकला असेल तर डबा दारातूनच द्या. कुठल्या मुळीने कोण बरं झालं ते मेसेज पाठवू नका. पहिल्या आठवड्यात जमलं नाही तर राहू द्या, चौथ्या महिन्यात जा. तेव्हा दारावरची बेल क्वचितच वाजते आणि कामं मात्र तेवढीच असतात.