ओनाख एगाखची धार : सह्याद्रीत मुरलेल्यांनीही या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये शिकायला-नोकरीला आलेला मराठी ट्रेकर कधी ना कधी ग्लेन कोच्या खोऱ्यात पोचतो. उत्तरेकडची ती दातेरी धार बघतो आणि म्हणतो, "सगळ्यात उंच टोक 967 मीटर? आपलं कळसूबाई 1646 आहे की!" पहिली चूक इथेच होते. ए-82 रस्त्यावर गाडी लावतो ती जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेदोनशे मीटरवर आहे, म्हणजे चढ काही कमी नाही. आणि खरा प्रश्न उंचीचा नाहीच. या धारेचं नाव ओनाख एगाख, स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ खाचाखाचांची धार. एकदा तीवर उतरलात की मधून बाहेर पडायला वाट नाही.

ही धार सहसा पूर्वेकडून पश्चिमेकडे करतात. पूर्व टोकाच्या आम बोदाख शिखराच्या माथ्यापर्यंत नुसती दमछाक. मग लगेच पुढचा उतार येतो : तोंड कातळाकडे करून, होल्ड (हातापायांना पकडीच्या जागा) चाचपत खाली जायचं. बऱ्याच जणांचे पाय इथे लटपटतात, तरी "आता एवढं आलोय तर" म्हणून ते पुढे सरकतात. तसं करू नका. हा पॅच जड गेला तर इथूनच आल्या वाटेने परत फिरा. कारण पुढे स्टोब कोरे ले या शिखरापर्यंत जवळपास दोन किलोमीटर दोन्ही बाजूंना कडे आहेत, आणि सगळ्यात अवघड सुळके मधल्या मेअल जेर्ग शिखराच्याही पुढे येतात. खाली जाणारी एखादी नाळ (कड्यातली अरुंद घळ) मोहात पाडते. तिच्यात शिरलेली माणसं अडकतात, घसरतात.

दुसरी गैरसमजूत पावसाची. आपण भर पावसात हरिहर गडाच्या पायऱ्या चढलेले, त्यामुळे ओल्या दगडाचं भय मेलेलं असतं. हा दगडही ज्वालामुखीचाच, पण आपल्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना, सुमारे 42 कोटी वर्षांचा. कोरडा असला तर छान पकड देतो, भिजला की साबणासारखा. त्यात माथ्यावरचा वारा. हवामान बघताना गावाचा अंदाज बघून निघू नका. डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज मिळतो, त्यात माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग आधी वाचा. बर्फ असेल तर हा ट्रेक उरतच नाही, आइस-अ‍ॅक्स (बर्फाची कुदळ) आणि क्रॅम्पॉन (बुटाखालचे खिळे) वापरता येणाऱ्यांची ती मोहीम होते.

ट्रेकिंग पोल सॅकला बाहेरून अडकवू नका. सुळक्यांमधून उतरताना ते कातळाला टेकतात आणि तुम्हालाच बाहेर ढकलतात. माझं असं एकदा झालंय. त्यानंतर पोल घडी करून आत.

उतरण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण अवघड भाग संपला म्हणून माणूस ढिला पडतो तो इथेच. धारेच्या पश्चिमेकडच्या स्गोर नाम फियानी शिखरावरून खाली क्लॅखेगचं हॉटेल दिसतं, आणि क्लॅखेग नाळेच्या काठाने एक वाट थेट तिकडे जाते. ती घेऊ नका. निव्वळ घसारा, शेजारी खोल नाळ, आणि वरून कोणाचा दगड सुटला तर खालच्याच्या डोक्यात. तिथे जीव गेलेले आहेत. धारेवरूनच पुढे पॅप ऑफ ग्लेन को या डोंगराच्या अलीकडच्या खिंडीपर्यंत जा आणि तिथून ग्लेन को गावाकडे उतरा. वेळ जास्त लागतो, गुडघे शाबूत राहतात. गाडी मात्र खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला राहिलेली असते, तेव्हा दुसरी गाडी किंवा सायकल आधीच गावात ठेवा.

सात-नऊ तास धरूनच निघा. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासाने मागे जातात आणि पाचच्या आधीच सूर्य मावळतो. हेडटॉर्च जूनमध्येसुद्धा सॅकमध्ये असू दे.

अडकलात तर 999 हा तिथला आपत्कालीन नंबर लावा, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. या नंबरवर एसएमएसही जातो, पण त्यासाठी फोनची नोंदणी घरूनच करावी लागते. रेंज नसेल तर मिनिटभरात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. येणारे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. म्हणून संकोच करत अंधार पडेपर्यंत थांबू नका. उजेडात फोन केलात तर त्यांचंही काम सोपं होतं.