फौजी माणसाच्या डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद नाही? अर्ज करताना या चुका टाळा

डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निघताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, उघडायचं, मेडल्सच्या रकान्यापर्यंत यायचं आणि तिथे जे असायला हवं तेच नाही. माणूस १९७१ ला पश्चिम सीमेवर होता, पलटणीतल्या बाकीच्यांच्या बुकात पश्चिमी स्टार आहे, संग्राम मेडल आहे, आणि ह्यांच्या बुकात नुसतं स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं मेडल लिहून पुढे सगळं कोरं. पुण्यात दिघी, धानोरी, विश्रांतवाडी, खडकी, वानवडी ह्या पट्ट्यात फौजी घरं इतकी आहेत की असं एखादं बुक जवळपास नक्की सापडेल. शेजारपाजारच्या लोकांना असले अर्ज लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यावरून सांगतो, नोंद अडते ती बहुतेक वेळा हक्क नसतो म्हणून नाही, अर्ज चुकीच्या ऑफिसात, चुकीच्या नंबरावर किंवा एकदम मोघम गेलेला असतो म्हणून.

नक्की काय राहिलंय तेच न बघता अर्ज टाकणं

मेडल मंजूर झालंय, बुकात नोंद पण आहे, पण मेडल हातात आलेलंच नाही, ही एक केस. मेडल घरात डबीत आहे आणि बुकात नाही, ही दुसरी. दोन्ही नाही, ही तिसरी, आणि मिळालेलं मेडल घर बदलताना हरवलं ही चौथी. पहिलीत फक्त मेडल मागायचं, दुसरीत नोंद मागायची, तिसरीत आधी पात्रता तपासून मग नोंद आणि मेडल दोन्ही मागायचं, आणि चौथीत पैसे भरून बदली मेडल मागायचं. लोक सगळ्याला एकच वाक्य लिहितात, ‘मेडल मिळाले नाही, कृपया द्यावे’, मग तिकडचा क्लार्क रेकॉर्ड बघतो, त्याला दिसतं की मेडल दिलेलं आहे, तो तसं कळवतो आणि फाइल बंद. कँपातून हुबेहूब मेडल विकत आणून कोटाला लावलं तरी त्याने रेकॉर्डमध्ये काहीच बदलत नाही हे पण ध्यानात ठेवा.

सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल एकच समजणं

ही चूक मुलं आणि नातवंडं हमखास करतात. सेना मेडल शौर्यासाठी किंवा विशेष कर्तव्यनिष्ठेसाठी मिळतं, त्याचं नाव भारताच्या राजपत्रात येतं. सैन्य सेवा मेडल हे ठराविक कठीण भागात ठराविक काळ नोकरी केली की मिळतं, आणि कुठल्या भागासाठी मिळालं ते रिबनवरच्या पट्टीवर म्हणजे क्लास्पवर लिहिलेलं असतं, जम्मू-काश्मीर, हिमालय, नेफा (आजचं अरुणाचल) असं. दोन्ही १९६० सालचीच, नावं पण सारखी वाटतात, म्हणून घरात ‘आजोबांना सेना मेडल होतं’ असं पिढीभर बोललं जातं आणि मग अर्जात पण तेच येतं. रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे रेजिमेंटचं नोंदी ठेवणारं ऑफिस, सेना मेडल शोधतं, सापडत नाही, उत्तर येतं की असं काही नाही, आणि घरच्यांना वाटतं आपल्याला डावललं. क्लास्पची पण तीच गंमत नाही का, मेडल एकदा मिळालं की दुसऱ्या भागातल्या नोकरीसाठी दुसरं मेडल मिळत नाही, फक्त क्लास्प वाढतो, त्यामुळे मागायचा तो क्लास्पच मागा.

जुना नंबर विसरणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला एक नंबर असतो, तो नायब सुभेदार झाला की जेसीने सुरू होणारा नवा नंबर मिळतो, पुढे ऑफिसर झाला तर आणखी वेगळा. आता १९७१ चं मेडल त्याने कमावलं ते शिपाई किंवा नाईक असताना, त्या वेळच्या यादीत त्याचा जुना नंबर आहे, आणि अर्ज जातो सुभेदार साहेब म्हणून जेसी नंबरावर कारण पेन्शनच्या कागदांवर तोच आहे. शोधणारा शोधणार कुठे? तेच डीएससीचं, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोरचं. पहिल्या पेन्शनीनंतर डीएससीत गेलेल्याची दोन नोकऱ्यांची दोन रेकॉर्डं असतात, दुसऱ्या नोकरीचं कन्नूरला, पहिलीचं आपापल्या रेजिमेंटकडे, आणि पहिल्या नोकरीचं मेडल कन्नूरला मागून उपयोग नाही.

जुना नंबर घरात कुणालाच माहीत नसेल तर घरात असलेलं एखादं जुनं मेडल घ्या, रिबन बाजूला करा आणि भिंगातून त्याची कड बघा. पुढची बाजू नाही, मागची पण नाही, कड. तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पॉलिश करून करून अक्षरं झिजलेली असतात, तेव्हा बॅटरीचा उजेड तिरका पाडला की आकडे उठून दिसतात. धानोरीतल्या एका काकांचा आठ आकडी वाटणारा नंबर असाच सातच आकडी निघाला, आणि नाव पण बुकातल्यापेक्षा वेगळं, बुकात आडनाव शेवटी, मेडलवर आडनावच नाही, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव. अर्जात दोन्ही नंबर आणि नावाची दोन्ही रूपं लिहायची, ‘तोच मी’ असं स्पष्ट सांगायचं.

चुकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवणं

नोंद दुरुस्त करायचा अधिकार ज्या रेजिमेंटचा वा कोरचा माणूस, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीत, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. एअरफोर्सवाल्यांनी दिल्लीला सुब्रतो पार्क, नेव्हीच्या सेलरनी मुंबईत मानखुर्द. ऑफिसर असाल तर रेजिमेंट नाही, दिल्लीचं आर्मी हेडक्वार्टर.

राष्ट्रीय रायफल्समध्ये दोन-अडीच वर्षं काढलेले लोक तिकडच्या बटालियनला पत्रं लिहीत बसतात, पण तिथली पोस्टिंग तात्पुरती असते, रेकॉर्ड कायम मूळ रेजिमेंटकडेच. आणि पलटणच बदलली असेल तर नीट विचार करून लिहा, २१ मराठा १९९६ ला २१ पॅरा झाली, म्हणजे जो त्याआधीच पेन्शनीत आला त्याचा पत्ता वेगळा आणि जो पुढे पॅरात राहिला त्याचा वेगळा.

पुण्यातल्या लोकांचा आणखी एक गोंधळ, घोरपडीला वॉर मेमोरियलसमोर आहे ते राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं ऑफिस, आणि माजी सैनिकाच्या रोजच्या कामाचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दोघंही आर्मीच्या रेकॉर्डमध्ये स्वतः एक अक्षर बदलू शकत नाहीत, पण जिल्हा कार्यालयाच्या पत्रासोबत अर्ज पुढे गेला तर त्याला आवक-जावक नंबर पडतो आणि नंतर विचारायला धागा राहतो, म्हणून मी तरी कायम तिथूनच पाठवा म्हणतो. ह्या कामाला तिथे फी नसते, बाहेर कुणी ‘मेडल काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

‘राहिलेली सर्व मेडल्स द्यावीत’ असं लिहिणं

असा अर्ज म्हणजे काहीच न मागणं. एकेका मेडलचं नाव लिहायचं आणि समोर त्याचा आधार. मी साधारण असं लिहून देतो: नंबर (जुना आणि नवा), हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख; डिसेंबर १९७१ मध्ये मी अमुक पलटणीच्या अमुक कंपनीत हजर होतो, पलटण तेव्हा अमुक सेक्टरला होती; माझ्या डिस्चार्ज बुकाच्या अमुक पानावर फक्त अमुक मेडलची नोंद आहे, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडलची नाही; त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डर (माणसाच्या नोकरीतल्या नोंदींचे पलटणीचे आदेश) बघून नोंद करावी, पात्र नसल्यास कारण लेखी कळवावं. बस, एक पान. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण ‘नाही’चं लेखी कारण हातात असलं की पुढे काहीतरी करता येतं.

पात्रता आधी आपणच तपासायची. स्वातंत्र्याच्या मेडलांचं सोपं आहे, १५ ऑगस्ट १९७२, १५ ऑगस्ट १९९७, १५ ऑगस्ट २०२२ ला सेवेत होता का, एवढंच बघा. लाँग सर्व्हिसचं ९, २० आणि ३० वर्षांचं. कारगिलला मात्र दोन वेगळी आहेत, ऑपरेशन विजय स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागातल्यांना आणि ऑपरेशन विजय मेडल त्याहून मोठ्या भागातल्यांना, त्यामुळे ‘कारगिलचं मेडल’ असं लिहू नका. आणि अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, जबलपूर-सिकंदराबादला मराठी वाचणारा क्लार्क भेटेलच असं नाही.

फोटोला पुरावा समजणं

छातीवर मेडल लावलेला फोटो घरात मोठा वाटतो, ऑफिसात त्याला वजन नाही. चालतो तो कागद, म्हणजे पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख, पलटणीचं पत्र, मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलचे कागद. जखमी झालेल्यांनी तर त्या वेळची बॅटल कॅज्युअल्टीची नोंद आधी शोधावी, कारण पराक्रम पदकाचा सगळा आधार तीच. त्याच कंपनीतला सोबती हयात असेल आणि त्याच्या बुकात ते मेडल असेल तर त्याच्या त्या पानाची झेरॉक्स आणि त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, एकट्यावर काम होईलच असं नाही पण शोधणाऱ्याला दिशा मिळते.

ज्यांना पेन्शन नाही त्यांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात, मग उरतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांचं रजिस्टर, त्यात मोजक्याच नोंदी असतात. ‘रेकॉर्ड नष्ट झालं’ असं उत्तर आलं तर लगेच हात टेकू नका, लाँग रोलचा उतारा मागा आणि आपल्याकडचे जुने कागद पुढे करा. म्हणून घरातला कुठलाही खाकी लिफाफा रद्दीत घालू नका. आणि मूळ डिस्चार्ज बुक तर पोस्टाने अजिबात पाठवू नका, त्यांनी लेखी मागितलं तरच, तेही सगळ्या पानांचे फोटो काढून झाल्यावर. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच आलंय, त्याची पावती आणि पोचल्याची प्रिंट फाइलला लावा.

आरटीआय राज्याच्या पोर्टलवर टाकणं

महाराष्ट्राचं पोर्टल राज्याच्या खात्यांसाठी आहे, आर्मी केंद्राची, त्यामुळे केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरच जायचं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तिथे ‘माझ्या वडिलांना मेडल का दिलं नाही’ असं भांडू नका, कागद मागा, शीट रोलमधल्या (नोकरीच्या नोंदपत्रकातल्या) मेडल्सच्या पानाची प्रत, अमुक सालच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. माणूस वारला असेल तर अर्ज पत्नीच्या नावाने करा, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आणि मृत्यूचा दाखला जोडा, आणि पत्नीचं नाव पीपीओवर आणि आधारवर वेगळं असेल तर ते आधी सरळ करून घ्या, नाहीतर मेडलचा मुद्दा येण्याआधीच अर्ज परत येतो.

स्पर्शवर मेडल शोधत बसणं

स्पर्श ही फौजी पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा आहे, मेडलची नोंद तिथे तक्रार टाकून होत नाही. संबंध येतो तो फक्त शौर्य पदकांचा, कारण त्यांना महिना भत्ता असतो. २०१७ च्या दराने परमवीर चक्राला २०,००० रुपये, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,०००. कर्तव्यनिष्ठेसाठीच्या सेना मेडलला हा भत्ता नाही. १९७१ च्या पूर्व सीमेचा पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, लाँग सर्व्हिस ह्यांना पण पैसे नाहीत, तरी ती नोंद हवीच, तो माणूस तिथे होता हे सरकारच्या कागदावर असायलाच हवं. भत्त्याचं पदक असेल तर क्रम असा, आधी रेकॉर्ड ऑफिसात नोंद, मग त्यांच्याकडून प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला दुरुस्तीचा प्रस्ताव, मग पीपीओत बदल. उलटं जाऊन फक्त वेळ जातो.

उत्तर न आल्यावर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करणं

नवा अर्ज म्हणजे नवी फाइल, आणि जुनीची तारीख वाया. स्मरणपत्र पाठवा, त्यात जुना जावक नंबर आणि तारीख टाका. सहा महिने उलटले आणि काहीच आलं नाही, किंवा लेखी नकार आला, तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलकडे जाता येतं, महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. तिथे पण पुढच्या सहा महिन्यांची मर्यादा असते म्हणून तारखा एका कागदावर मांडून मगच वकिलाकडे जा.

आणि दुरुस्तीचं पत्र एकदाचं आलं की पेढे वाटायच्या आधी ते वाचा. मेडलचं पूर्ण नाव, क्लास्प, नंबर, नावाचं स्पेलिंग, ज्या ऑर्डरने नोंद झाली तिचा नंबर आणि तारीख, हे सगळं जुळतंय का बघा. चूक असेल तर त्याच आठवड्यात त्याच पत्राचा संदर्भ देऊन कळवा, क्लार्कच्या टेबलावर फाइल उघडी आहे तोवर ती दुरुस्ती सोपी असते.