बिननावाचा पिकअप ओळखताना

वेंगुर्ला-सावंतवाडीकडे माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रिक गिटार गोव्यातून जुन्या घेतलेल्या असतात. पिकअप (तारांखाली बसवलेला, तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा चुंबक-कॉइलचा भाग) मूळचे की मागाहून बदललेले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. या कामात नवीन आलेली मुलं लगेच रोध मोजायला मल्टिमीटर काढतात. माझं ठाम मत, आधी पिकअप उलटा करून नीट बघा.

सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपच्या, तळाला फक्त सहा दांड्यांची टोकं दिसली, तर त्या दांड्याच चुंबक असतात. ही फेंडर या गिटार कंपनीची जुनी अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या चुंबकाची) पद्धत. दांड्यांखाली सपाट पट्टी चिकटवलेली असेल तर ती बहुधा सिरॅमिक चुंबकाची, स्वस्त गिटारमधली. हंबकर (गुणगुण घालवणारा दोन कॉइलचा पिकअप) असेल तर पहिल्या आणि सहाव्या पोलपीसमधलं, म्हणजे तारांखालच्या धातूच्या टोकांमधलं, अंतर मोजा. ४९-५० मिमी म्हणजे गिब्सन या गिटार कंपनीचं माप, ५२-५३ मिमी म्हणजे फेंडर पद्धतीच्या ट्रेमोलो ब्रिजसाठीचं (दांडीने हलवून सूर खालीवर करता येणाऱ्या ब्रिजसाठीचं).

चार वायरींचा हंबकर हाती आला तर मला आनंद होतो, कारण तो बरंच काही सांगतो. सगळ्या वायरी सुट्या करून लाल वायरीला मीटरचं एक टोक लावा आणि दुसरं टोक बाकीच्यांवर फिरवा. रीडिंग काळीवर आलं तर दिमार्झिओ या पिकअप कंपनीची रंगपद्धत, हिरवीवर आलं तर सीमोर डंकन या दुसऱ्या कंपनीची. इतर कारखानेही हेच रंग उचलतात, म्हणून पुरावा म्हणून बांधणीही जुळायला हवी.

स्टिकरवर तर अजिबात विसंबू नका. जुन्या गिब्सन हंबकरवर छापलेला पेटंट क्रमांक २७३७८४२ हा गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या भागाचा आहे! गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचं हंबकरचं पेटंट १९५९ साली मिळालं, त्याचा क्रमांक २८९६४९१.

आता मीटर. पिकअप सर्किटमधून सोडवून त्याचा रोध मोजा. स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) सिंगल कॉइल साधारण ६ किलोओहम, जुन्या धाटणीचा हंबकर ७ ते ९. पण तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो: २० अंशांना ८ दाखवणारी कॉइल आपल्याकडच्या मे महिन्यात, ३४ अंशांना, ८.४ दाखवते. वायर बारीक असेल तरी आकडा फुगतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून ‘हा जोरकस पिकअप’ असं गिऱ्हाईकाला सांगू नका. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपला तर ही मोजणी लागूच नाही.

मीटर काहीच दाखवत नसेल तरी पिकअप टाकून देऊ नका. खाऱ्या हवेत सोल्डरच्या टोकाशी हिरवा गंज धरतो आणि ०.०६ मिमीची तार तिथेच तुटते. बाहेरच्या वेढ्याचं टोक भिंगाखाली शोधा, गंज साफ करा, पुन्हा सोल्डर करा आणि मगच कॉइल मेली म्हणा.